घराचा ताळेबंद

(मोरवा येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले की राई, मुर्धे आणि मोरवा ही गावे ओळीने लागतात. एका बाजूला खाडी, मिठागरे आणि तिवरांची हिरवी रेघ. दुसऱ्या बाजूला दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकणारे शहर. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. गावांची नावे तीच राहिली, परंतु गावांचा व्यवहार बदलला. भात, मीठ आणि मासळी यांवर चालणारी घरे पगारावर, भाड्यावर आणि जमिनीच्या किमतीवर चालू लागली. मेट्रोच्या कारशेडसाठी याच पट्ट्यातील जागेचा प्रस्ताव आला, तेव्हा ग्रामस्थांनी त्याला विरोध केला. त्या विरोधामागची वेदना केवळ काही एकरांची नव्हती. पायाखालची भूमी हेच ज्यांचे भांडवल, त्यांच्या उद्याची ती चिंता होती.

अशा गावातला एक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याला नाव देण्याचे कारण नाही. शहराच्या कडेला असलेल्या प्रत्येक गावात तो आहे. दहावीला त्याला साठ-पासष्ट टक्के गुण मिळाले आहेत. घरात चर्चा होते. विज्ञान शाखेला प्रवेश मिळण्याची शक्यता नाही, कला शाखेत 'काही होत नाही' असे शेजारी सांगतात, आणि मग कोणीतरी म्हणते, ''कॉमर्सला घाला त्याला. बँकेत तरी लागेल.'' वाणिज्य शाखेत त्याचा प्रवेश होतो तो असा. आवडीने नव्हे, उरलेला पर्याय म्हणून. आपल्या समाजाने वाणिज्यविद्येला जे स्थान दिले आहे, ते या एका वाक्यात पुरते उमटले आहे.

वास्तविक या विद्येचा इतिहास इतका सामान्य नाही. आशिया खंडातील पहिले वाणिज्य महाविद्यालय १९१३ साली याच मुंबईत, सिडनहॅम महाविद्यालयाच्या रूपाने सुरू झाले. माटुंग्याचे पोदार महाविद्यालय १९४१ चे, पुण्याचे बृहन् महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. म्हणजे स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच द्रष्ट्या मंडळींनी ओळखले होते की, देश राजकीयदृष्ट्या मुक्त झाला तरी त्याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती राहिला, तर ते स्वातंत्र्य अपुरे ठरेल.

'हिशेब आणि व्यापार मराठी माणसाच्या रक्तात नाही' असे एक वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येते. त्याला इतिहासाचा आधार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्य, म्हणजेच मुजुमदार, हे राज्याच्या जमाखर्चाचे प्रधान होते. 'फडणवीस' हा शब्द आज आडनाव वाटतो, पण मुळात ते दप्तर आणि जमाखर्च सांभाळणाऱ्याचे पद होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहण्याचा उपदेशही आहे. ज्या समाजाने साम्राज्याचा जमाखर्च मोडी लिपीत शतकभर लिहून ठेवला, त्या समाजाला हिशेब परका नाही. तो मधल्या काळात विसरला गेला, इतकेच.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. अकरावीत त्याच्या हाती 'पुस्तपालन व लेखाकर्म', 'वाणिज्य संघटन', 'चिटणीसाची कार्यपद्धती' अशी पुस्तके येतात. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला हे शब्द जड वाटतात, पण निदान ते मराठी असतात. पदवीच्या वर्गात गेल्यावर ते शब्दही हरपतात. रोजकीर्दीचे जर्नल होते, खतावणीचे लेजर होते, घसाऱ्याचे डेप्रिसिएशन होते. मुलगा मंद नसतो. मात्र एकाच वेळी त्याला दोन विषय शिकावे लागतात. एक लेखाकर्म आणि दुसरी इंग्रजी. शेजारच्या बाकावरचा, व्यापारी घरातून आलेला मुलगा हसत हसत उदाहरण सोडवतो, कारण त्याने 'उधारी', 'वटाव', 'मुदत' हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकलेले असतात. हा फरक बुद्धीचा नसून घरातील संभाषणाचा आहे, ही गोष्ट त्या मुलाला कोणी सांगत नाही. तो आपल्यालाच कमी लेखू लागतो.

पहाटे उठून भाईंदरहून गाडी पकडायची. ऐन गर्दीच्या वेळी दारात उभे राहायला जागा मिळाली तरी भाग्य. चर्चगेटपर्यंतचा सव्वा तासाचा प्रवास, अथवा जवळच्याच एखाद्या महाविद्यालयातला खच्चून भरलेला वर्ग. शंभरावर विद्यार्थी, एक फळा आणि पन्नास मिनिटांत संपवायचे एक उदाहरण. सायंकाळी खासगी क्लास. तिथे 'हा प्रश्न येणारच' अशी खूण केलेल्या नोट्स. परीक्षेआधी पंधरा दिवस पाठांतर, परीक्षेनंतर पंधरा दिवसांत विस्मरण. तीन वर्षांनी हाती पदवी येते. पण साधे चालू खाते कसे उघडावे, देयक कसे तयार करावे, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र कसे भरावे, हे त्याने एकदाही स्वतःच्या हाताने केलेले नसते. पोहण्याची माहिती देणारे पुस्तक तोंडपाठ आहे, पण पाण्यात पाऊल टाकलेले नाही, अशी ही अवस्था.

यात सर्वस्वी दोष शिक्षकांचा नाही आणि विद्यार्थ्यांचाही नाही. सुधारणेचे प्रयत्न झालेच नाहीत, असेही नाही. मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये व्यवस्थापनाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम, म्हणजे बीएमएस, सुरू केला. २०२४-२५ पासून अशा अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले. सनदी लेखापालाच्या शिक्षणात तर उमेदवारीला पहिल्यापासूनच मानाचे स्थान आहे. २०२३ च्या नव्या योजनेत तिचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांचा झाला, तरी उमेदवारी टळलेली नाही. ही पावले योग्य दिशेची आहेत. तथापि अनुभवाचे प्रमाणपत्र आणि अनुभव या दोन गोष्टी भिन्न आहेत. ओळखीच्या कार्यालयातून शिक्का मारून आणलेला कागद श्रेयांक देईल, शहाणपण देणार नाही.

मग अनुभव कोठून यावा? त्याचे उत्तर त्या विद्यार्थ्याच्या घरातच आहे.

एके दिवशी वर्गात 'भांडवली जमा' आणि 'महसुली जमा' यांतील भेद शिकवला जातो. दुकानातला माल विकून आलेला पैसा ही महसुली जमा. ती दरवर्षी येते, तिच्यातून खर्च भागवावा. पण दुकानच विकले, तर आलेला पैसा ही भांडवली जमा. ती एकदाच येते. तिच्यातून दैनंदिन खर्च केला, तर ते उत्पन्न खाणे नव्हे. ते झाडच कापून सरपण करणे होय. बाकीचा वर्ग ही व्याख्या वहीत उतरवून घेतो. हा मुलगा मात्र लिहिता लिहिता थांबतो. कारण मागच्याच वर्षी त्याच्या घरातील जमिनीचा एक तुकडा विकला गेला आहे. बहिणीचे लग्न झाले, पाच दिवस गावजेवण झाले, अंगणात नवी गाडी उभी राहिली, घराला संगमरवरी फरशी लागली. घरात सर्वांना वाटले, बरकत आली. त्या दिवशी प्रथमच त्याच्या ध्यानात येते की, घरात उत्पन्न आलेच नव्हते. भांडवल आले होते, आणि ते खर्ची पडले होते.

सज्जनहो, एक साधे गणित मांडून पाहू. जमिनीच्या तुकड्याचे चाळीस लाख रुपये आले असे धरा. ते सात टक्के व्याजाने सुरक्षित ठेवले, तर वर्षाला दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला सुमारे तेवीस हजार रुपये घरात येतील. एका सामान्य नोकरदाराचा पगारच म्हणावा, आणि मूळ रक्कम अबाधित. उलटपक्षी ते चाळीस लाख चार वर्षांत समारंभ आणि वस्तू यांत गेले, तर पाचव्या वर्षी काय उरते? एक जुनी गाडी, जिची किंमत घसाऱ्याने दरसाल घटते आहे, आणि एक मोठे घर, ज्याची देखभाल दरसाल वाढते आहे. वाणिज्याचा विद्यार्थी एवढ्यावरही थांबत नाही. तो विचारतो, महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली, तर आज शंभर रुपयांत होणाऱ्या कामाला चौदा-पंधरा वर्षांनी दोनशे रुपये लागतील. मग नुसते व्याज तरी किती दिवस पुरणार? म्हणजे त्या भांडवलाचा काही भाग उद्योगात, कौशल्यात, शिक्षणात घातलाच पाहिजे. पुस्तकातला धडा येथे घराचा धडा होतो.

सायंकाळी तो हे वडिलांना सांगू पाहतो. वडील रागावतात. ''जमीन माझ्या बापाने कसली. बहिणीच्या लग्नात चार माणसे जेवली, तर तुझ्या पुस्तकाचे काय गेले?'' या प्रश्नाची चेष्टा करू नये. त्यामागे एका पिढीचे कष्ट आहेत आणि गावाशी जोडलेली एक नाळ आहे. ज्याने आयुष्यभर गुडघाभर चिखलात भात लावला, मिठागरात उन्हात पाय भाजून घेतले, त्याला एकदा तरी चारचौघांत ताठ मानेने उभे राहावेसे वाटले, तर तो अपराध नव्हे. त्याला पैसा मिळाला, परंतु पैशाची विद्या कोणी दिली नाही. पीक कधी विकावे हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते. शेतच विकले तर त्या रकमेचे काय करावे, हे शिकवायला बापालाही तसा प्रसंग आला नव्हता.

हिशेब वाचता न येण्याची किंमत या किनारपट्टीने पूर्वीही मोजलेली आहे. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते पडीक राहिली, माणसांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. पण संप मोडला नाही. त्या लढ्याच्या मुळाशी खोतीची जुलमी पद्धत होती आणि कुळांकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या कबुलायती होत्या. ज्याला अक्षर येत नाही त्याने अंगठा उठवायचा, आणि कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याने ठरवायचे. पुढे कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. नंतर नवी मुंबई उभी राहताना पुन्हा भूमिपुत्रांवरच भूमी सोडण्याची वेळ आली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला.

रक्त सांडून मिळवलेला हक्क नंतर कागदावर टिकवायचा असतो, आणि तेथे घोषणा कामाला येत नाहीत. आजची कबुलायत 'विकसन करारनामा' या नावाने येते. तिच्यासोबत कुलमुखत्यारपत्र येते. पन्नास-साठ पानांचा मसुदा, बहुधा इंग्रजीत. चटईक्षेत्र किती, ताबा कधी, विलंब झाल्यास भाडे कोण देणार, मुखत्यारपत्र रद्द करता येईल की नाही, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, बहिणींच्या हिश्शाचे काय, भांडवली नफ्यावर कर किती, हे सारे त्या पानांत असते. आता अंगठा नाही, झोकदार स्वाक्षरी आहे. पण न वाचता केलेली स्वाक्षरी अंगठ्याहून निराळी नसते. गावातला वाणिज्याचा विद्यार्थी हा त्या घरातला पहिला माणूस आहे, जो ही पाने वाचू शकतो. त्याच्या पदवीचे खरे मोल येथे आहे.

या संदर्भात सिडनहॅम महाविद्यालयातील एका प्राध्यापकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांच्या अध्यापनाची कीर्ती अशी पसरली की, अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागले. आणि त्याच इमारतीत, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याला त्यांनी स्पर्श करण्यास काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. ज्ञान ऐकायला कान तयार, पण पाणी द्यायला मन तयार नाही, हा आपल्या समाजाच्या ताळेबंदातला मोठा तोटा होय आणि तो प्रामाणिकपणे लिहून ठेवलाच पाहिजे. बाबासाहेबांनी मात्र विद्येची वाट सोडली नाही. पगारातून बचत करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजाच्या मुक्तीचा विचार करणाऱ्या त्या महापुरुषाने चलन, कर आणि वित्त यांचा अभ्यास कोरडा मानला नाही. पुढे चरीच्या कुळांच्या पाठीशीही ते उभे राहिले आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि शेतकऱ्याचा कैवारी या दोन भूमिका त्यांच्या ठायी एकच होत्या.

हिशेब आणि कष्ट एकत्र आले की काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ एकत्र आले, आणि १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गिरगावात १९५९ साली सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. त्यातून लिज्जत पापडाची संस्था वाढली. प्रारंभीच्या काळात त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता: मालाचा दर्जा एकसारखा ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. पापड तर घरोघरी लाटले जात होते. त्या सात जणींचे पापड देशभर गेले, त्याचे एक कारण त्या हिशेबाच्या वहीत आहे.

मोरव्याच्या विद्यार्थ्यालाही असे क्षेत्र दूर नाही. भाईंदर हे पोलादी भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर मासळीचा व्यवसाय आहे. खाडीकाठी मिठाची परंपरा आहे. या प्रत्येक ठिकाणी हिशेब लिहिणाऱ्याची गरज आहे. एखाद्या कोळीण मावशीला रोज सकाळी बर्फ, वाहतूक आणि उधारी यांचा खर्च किती येतो हे विचारून त्याने सहा महिने वही लिहून दिली, तर त्या मावशीला तिचा खरा नफा कळेल आणि त्याला परिव्यय लेखाशास्त्र कळेल. गावातल्या गृहनिर्माण संस्थेचा, पतपेढीचा, उत्सव मंडळाचा जमाखर्च त्याने लिहावा. गावच्या उत्सवाचा जमाखर्च मंडपाच्या दाराशी लावण्याचा आग्रह त्याने धरला, तर ते लेखापरीक्षणाचे शिक्षण आणि सार्वजनिक शुचितेचा संस्कार, दोन्ही एकाच वेळी होईल. यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. विद्या घेऊन गावाबाहेर जाणारे पुष्कळ आहेत. ती घेऊन संध्याकाळच्या गाडीने गावात परतणारे हवे आहेत.

पालकांकडूनही एक अपेक्षा आहे. मुलाच्या शिक्षणावर आपण खर्च करतो, पण त्याच्यापासून घराचा व्यवहार लपवतो. 'तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही बघतो' असे त्याला सांगतो. तो आकड्यांचा अभ्यास करतो आणि घरातले आकडेच त्याला ठाऊक नसतात. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आज वाणिज्य शाखेच्या वर्गांत मुलींची उपस्थिती लक्षणीय आहे. पण जमिनीच्या कागदांवर चर्चा सुरू झाली की त्यांना चहा करायला आत पाठवले जाते. ज्या मुलीला ताळेबंद वाचता येतो, तिला बैठकीत बसवा. ती वाद घालणार नाही. चूक दाखवील, आणि ती चूक वेळेवर दिसली तर पुढचे दहा वाद टळतील.

त्या विद्यार्थ्याच्या घरी पुढे काय घडावे? वडिलांचा राग दोन दिवसांनी निवळतो. तिसऱ्या दिवशी ते कपाटातील जुनी पिशवी बाहेर काढतात. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे आहेत, पावत्या आहेत, बँकेची पुस्तके आहेत, उरलेल्या जमिनीबद्दल कोणीतरी आणून दिलेला कराराचा मसुदा आहे. ते ती पिशवी मुलापुढे ठेवतात आणि एवढेच म्हणतात, ''बस. वाच.'' मुलगा वाचू लागतो. बारावे पान संपत आले की तो विचारतो, ''बाबा, हे मुखत्यारपत्र रद्द करता येणार नाही असे इथे लिहिले आहे. तुम्हाला सांगितले होते का?'' वडील नकारार्थी मान हलवतात. ती स्वाक्षरी त्या दिवशी होत नाही. आधी वकिलांना दाखवायचे ठरते. तीन वर्षांच्या शिक्षणाचे शुल्क त्या एका संध्याकाळी वसूल होते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतात. हळदी-कुंकू वाहून नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहितात. ही प्रथा केवळ दुकानदारांची राहू नये. येत्या पाडव्याला मोरव्यातील, मुर्ध्यातील, राईतील प्रत्येक घरात एक वही पुजली जावी. तिच्या पहिल्या पानावर घरातील वाणिज्याच्या विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने लिहावे: आपले काय आहे, आपण किती देणे लागतो, आणि पुढच्या पिढीसाठी काय शिल्लक ठेवायचे आहे. पूर्वजांनी भूमी राखली. आता हिशेब राखण्याची पाळी आपली आहे.